शहराच्या सभागृहातील पहिली पायरी : मरहूम बद्रुद्दीन तय्यबजी यांचे सार्वजनिक जीवन

न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव आपल्या समाजात सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनसमोरील अंजुमन-ए-इस्लामची भव्य इमारत पाहिलेली नाही असा मुसलमान विद्यार्थी मुंबईत विरळाच. परंतु वर्गातील मुलांना त्यांच्याविषयी विचारले तर उत्तरे ठरावीक येतात. काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष, हायकोर्टाचे न्यायाधीश, अंजुमनचे संस्थापक. ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि परीक्षेत त्यांना गुणही मिळतील. पण माणूस एकदम अध्यक्ष किंवा न्यायाधीश होत नाही. त्याआधी तो कोठे बसला, कोणत्या कामात त्याने आपली उमेदीची वर्षे घातली, हे पाहिल्याशिवाय त्याची ओळख पटत नाही. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या सार्वजनिक आयुष्याची पहिली पायरी म्हणजे मुंबईची म्युनिसिपल कॉर्पोरेशन. १८७३ साली ते कॉर्पोरेशनवर निवडून आले आणि दहा वर्षे तेथे राहिले. या लेखात त्यांच्या आयुष्यातील या भागाकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधणार आहे.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईस झाला. घराणे सुलेमानी बोहरा, मूळ खंबायतचे. वडील मुल्ला तय्यबअली भाईमियाँ हे व्यापारी. सामान्य स्थितीतून त्यांनी स्वतःच्या मेहनतीने व्यापार वाढविला. त्यांचे विशेष हे की, ज्या काळी इंग्रजी शिकणे म्हणजे दीन गमावणे असे आपल्या समाजातील पुष्कळ लोक समजत होते, त्या काळी त्यांनी आपल्या मुलांना इंग्रजी शिक्षण दिले, इतकेच नव्हे तर शिक्षणासाठी विलायतेस पाठविले. थोरले बंधू कमरुद्दीन हे विलायतेत सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी गृहस्थ होत. घरात असे वातावरण असल्यावर धाकट्याला वाट दिसणे सोपे जाते. पण ती पहिली वाट पाडणारे वालिद होते, हे आजच्या पालकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

बद्रुद्दीन यांचे आरंभीचे शिक्षण दादा मखबा यांच्या मदरशात उर्दू-फारसीचे झाले. पुढे ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. तेथे असतानाच त्यांच्या डोळ्यांनी त्रास देण्यास सुरुवात केली. उपचारासाठी त्यांना फ्रान्सला पाठविण्यात आले आणि तेथून १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, ते इंग्लंडला शिक्षणासाठी गेले. लंडन विद्यापीठाची मॅट्रिक होऊन ते मिडल टेंपल येथे कायद्याचा अभ्यास करू लागले. परंतु डोळ्यांनी पुन्हा दगा दिला आणि १८६४ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. दुसरा कोणी असता तर वडिलांचा व्यापार सांभाळीत बसला असता. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण वर्षभरात ते पुन्हा विलायतेस गेले, राहिलेला अभ्यास पूर्ण केला आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई हायकोर्टात त्यांची नोंद झाली. या हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. मधल्या काळात, १८६५ साली, खंबायतच्या शरफअली शुजातअली यांच्या कन्या राहतुन्नफ्स यांच्याशी त्यांचा निकाह झाला होता.

विलायतेतील वास्तव्यात त्यांचा फिरोजशहा मेहता यांच्याशी स्नेह जडला. मेहता वयाने वर्षभराने लहान. हे दोघे आणि पुढे त्यांना येऊन मिळालेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग, म्हणजे एक मुसलमान, एक पारशी आणि एक हिंदू, अशी ही तीन कायदेपंडितांची जोडगोळी (जोडगोळी दोघांची असते हे खरे, पण तिघांसाठी दुसरा शब्द सुचत नाही) पुढील वीस वर्षे मुंबईच्या प्रत्येक सार्वजनिक कामात आघाडीवर दिसते.

आता कॉर्पोरेशनकडे वळू.

त्या वेळी मुंबई शहराचा कारभार कसा चालत होता हे समजल्याशिवाय १८७३ च्या निवडणुकीचे महत्त्व कळणार नाही. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार जस्टिस ऑफ द पीस यांच्या मंडळाकडे होता. हे सर्व जस्टिस सरकारने नेमलेले. प्रत्यक्ष सत्ता मात्र सरकारनियुक्त म्युनिसिपल कमिशनरच्या हाती. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे मोठे धडाडीचे गृहस्थ होते. गटारे, रस्ते, सफाई, बाजार अशी अनेक कामे त्यांनी झपाट्याने केली. त्यांच्या नावाचे मार्केट त्या काळातील आहे. आज त्याला महात्मा फुले मंडई म्हणतात. पण क्रॉफर्डसाहेब पैसा खर्च करताना हात आखडत नसत आणि कोणाला विचारीतही नसत. इकडे अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपताच मुंबईचा कापसाचा धंदा बसला, शेअरबाजार कोसळला, भले भले व्यापारी धुळीस मिळाले. अशा वेळी घरपट्टी मात्र वाढत गेली आणि म्युनिसिपालिटी कर्जात बुडाली. १८७१ साली करदाते खवळून उठले. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे जुने, निर्भीड पुढारी या चळवळीत होते.

या चळवळीत तरुण बद्रुद्दीनही उतरले. वकिली सुरू होऊन चारच वर्षे झाली होती. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सगळा राग क्रॉफर्ड यांच्यावर काढणे सोपे होते आणि बहुतेकांनी तेच केले. फिरोजशहा मेहतांनी मात्र नेमके बोट ठेवले ते व्यवस्थेवर. दोष एका अधिकाऱ्याचा नसून, ज्यांच्या पैशावर शहर चालते त्यांना कारभारात आवाज नाही, हा खरा दोष आहे. तेव्हा करदात्यांना आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क द्या, असे त्यांचे म्हणणे होते. निवडलेली म्युनिसिपालिटी हवी ही मागणी बद्रुद्दीन यांचीही होती. लोकांच्या संतापाला मागणीचे रूप देणे हे शिकलेल्या माणसाचे काम असते. ते या तरुणांनी केले.

परिणामी १८७२ चा नवा कायदा आला. त्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन निर्माण केली. त्यांपैकी १६ सरकारने नेमावयाचे, १६ जस्टिस ऑफ द पीस यांनी निवडावयाचे आणि उरलेले ३२, म्हणजे बरोबर निम्मे, करदात्यांनी निवडून द्यावयाचे. १८७३ साली पहिली निवडणूक झाली. मतदार कोण होते? वर्षाला किमान ५० रुपये म्युनिसिपल कर भरणारे. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख भरली होती. त्यात वर्षाला पन्नास रुपये कर भरणारे किती असणार? गिरणीतला मजूर, गोदीतला हमाल, डोंगरीचा छोटा दुकानदार, आपल्या कोकणातून जहाजावर कामाला गेलेला खलाशी, यांपैकी कोणालाही मत नव्हते. प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळून मुंबई कॉर्पोरेशनची निवडणूक व्हावयास १९४८ साल उजाडावे लागले. तेव्हा १८७३ ची ती लोकशाही आजच्या अर्थाने लोकशाही नव्हती. तरीसुद्धा हिंदुस्थानातील एका मोठ्या शहरात सभागृहाचे निम्मे सभासद लोकांनी निवडून पाठविले, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

या पहिल्याच निवडणुकीत बद्रुद्दीन तय्यबजी निवडून आले. तिशीही त्यांनी ओलांडलेली नव्हती.

विचार करण्यासारखी बाब अशी की, त्या निवडणुकीत मुसलमानांसाठी वेगळ्या जागा नव्हत्या की वेगळे मतदारसंघ नव्हते. विभक्त मतदारसंघ विधिमंडळांसाठी आले ते १९०९ च्या कायद्याने, बद्रुद्दीन यांच्या इंतकालानंतर तीन वर्षांनी. १८७३ साली जो कोणी निवडून येई तो शहरातील करदात्यांच्या मतावर येई, मग ते करदाते पारशी असोत, हिंदू असोत, ख्रिस्ती असोत वा मुसलमान. म्हणजे उभे राहणाऱ्याला केवळ आपल्या जमातीचा माणूस म्हणून चालत नव्हते. त्याला शहराचा माणूस व्हावे लागे. बद्रुद्दीन तसे झाले. आणि तरीही ते आपल्या समाजाचे राहिले. पेहराव त्यांनी आपला ठेवला. त्यांची छायाचित्रे पाहावीत : भरघोस दाढी, डोक्यावर आपल्या पद्धतीचा साफा. घरात उर्दूला त्यांनी मानाचे स्थान दिले. विलायतेत शिकून आलेला माणूस आपला राहत नाही ही जी भीती आपल्या वडीलधाऱ्यांना वाटत असे, आणि आजही काही घरांत वाटते, तिला हे उत्तर पुरेसे आहे.

कॉर्पोरेशनचे काम म्हणजे काय? त्यात मोठी गर्जना नसते, टाळ्या नसतात. पाण्याचा नळ कोठवर न्यावयाचा, गटार कोणत्या मोहल्ल्यातून काढावयाचे, सफाईचा कर किती ठेवावयाचा, कत्तलखाना, कबरस्ताने, दिवाबत्ती, देवीच्या लसी, आणि या सर्वांवर वर्षाचे अंदाजपत्रक. विहार तलावाचे पाणी शहरात १८६० साली आले होते, पण वाढत्या वस्तीला ते अपुरे पडत होते. १८७९ साली तुळशी तलावाचे काम पुरे झाले आणि तरीही आणखी पाण्याचा शोध चालूच राहिला. हायकोर्टात दिवसभर उभे राहून, पक्षकारांचे कागद वाचून, वर हे अहवाल आणि हे आकडे वाचावयाचे, आणि तेही अधू डोळ्यांनी. या कामाचा मोबदला काही नाही. त्यांच्यासारख्या बॅरिस्टरचा एकेक तास पैशांत मोजला जात होता. असे तास त्यांनी एकदोन नव्हे, दहा वर्षे शहराला दिले.

कमिशनर सरकारचा आणि सभागृह निम्मे लोकांचे, यात खटके उडणारच. पण कायद्याने हिशेब तपासण्याचा आणि अंदाजपत्रक मंजूर करण्याचा हक्क सभागृहाला दिला होता. हा हक्क कसा वापरावयाचा याचे शिक्षण हिंदी लोकांना प्रथम मिळाले ते येथे. मेहता, तेलंग, मंडलिक, तय्यबजी ही सर्व नावे पुढे कायदेमंडळात आणि देशाच्या राजकारणात गाजली. परंतु हिशेबाच्या वहीत बोट घालून साहेबाला प्रश्न कसा विचारावा, हे त्यांनी शहराच्या कारभारात गिरविले. माझ्या मते आपल्या पाठ्यपुस्तकांत या गोष्टीला मिळावयास हवी तेवढी जागा मिळत नाही.

ते निवडून आल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८७४ मध्ये, मुंबईत पारशी आणि मुसलमान यांच्यात मोठा दंगा झाला. एका पारशी लेखकाच्या पुस्तकात हजरत पैगंबरांविषयी आलेला मजकूर हे निमित्त झाले. माणसे मेली, घरे लुटली गेली. ज्या शहरात रस्त्यावर दोन समाज एकमेकांच्या जिवावर उठले होते, त्याच शहराच्या सभागृहात बद्रुद्दीन यांना पारशी सभासदांच्या मांडीला मांडी लावून पाणी आणि गटारांचा विचार करावयाचा होता. अशा प्रसंगी मैत्री तुटावयास वेळ लागत नाही. फिरोजशहा आणि बद्रुद्दीन यांची मैत्री तुटली नाही. उलट पुढील दहा-बारा वर्षांत ती अधिकच घट्ट झाली.

याच १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. हा योगायोग नुसता तारखांचा नाही असे मला वाटते. कॉर्पोरेशनमध्ये बसल्यावर बद्रुद्दीन यांना दिसले असणार की पारशी समाजातून, हिंदू समाजातून शिकलेली माणसे एकामागून एक पुढे येत आहेत आणि आपल्या बाजूला मोजकीच डोकी आहेत. मुंबईत मुसलमान थोडे नव्हते. कोकणी, मेमन, खोजा, बोहरा, दख्खनी, पठाण अशा कितीतरी जमाती होत्या. श्रीमंत व्यापारी होते, जहाजांचे मालक होते. पण प्रत्येक जमातीची जमात निराळी, मशीद निराळी, कारभार निराळा. सर्वांची मिळून अशी एकही संस्था नव्हती. आणि शाळेत जाणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

अंजुमनच्या संस्थापकांत मुन्शी गुलाम महंमद, मुन्शी हिदायतुल्ला, कमरुद्दीन तय्यबजी, बद्रुद्दीन तय्यबजी आणि आपल्या कोकणी समाजातील दानशूर नाखुदा महंमद अली रोगे यांची नावे येतात. कमरुद्दीन पहिले अध्यक्ष झाले आणि बद्रुद्दीन पहिले मानद सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे सर्व काम ज्याच्या अंगावर पडते तो, हे आपल्यासारख्या संस्थांतील मंडळींना सांगावयास नको! सभा बोलवा, इतिवृत्त लिहा, वर्गणीसाठी दारोदार फिरा, सरकारकडे अर्ज करा, उत्तर आले नाही की पुन्हा अर्ज करा.

शाळा निघावयास सहा वर्षे लागली. १८८० साली उमरखाडीत बाबुला टँकजवळ अंजुमनची शाळा सुरू झाली. शाळा लहान, शिक्षक मोजके. इंग्रजी आणि आधुनिक विषय, त्याबरोबर उर्दू-फारसी आणि दीनी तालीम, अशी सांगड तेथे घालण्यात आली. ज्या पालकांना इंग्रजी हवे होते पण मुलगा दीनापासून दूर जाईल अशी धास्ती होती, त्यांना ही शाळा जवळची वाटली. पुढे बोरीबंदरसमोर जागा मिळाली. ३१ मार्च १८९० रोजी गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली आणि १८९३ च्या फेब्रुवारीत इमारतीचे उद्घाटन झाले. गंमत अशी की, पलीकडेच, त्याच चौकाच्या तोंडावर उभी असलेली म्युनिसिपल कॉर्पोरेशनची मोठी इमारतही १८९३ सालीच पुरी झाली. बद्रुद्दीन यांच्या आयुष्यातील दोन कामांची ही दोन घरे आज समोरासमोर उभी आहेत. कमरुद्दीन यांच्यानंतर १८९० पासून अखेरपर्यंत बद्रुद्दीन अंजुमनचे अध्यक्ष राहिले.

मधल्या काळातील हकीकत थोडक्यात सांगतो. १८७९ साली सरकारने मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या दडपणाखाली विलायती कापडावरील आयात जकात कमी केली. मे महिन्यात मुंबईच्या टाउन हॉलमध्ये निषेधाची सभा झाली. तेथील भाषणाने बद्रुद्दीन यांचे वक्तृत्व सर्व शहराला कळले. मुद्देसूद, आरडाओरडा न करता, पण मागे न हटणारे, अशी त्यांची बोलण्याची रीत होती. १८८२ साली सरकारने त्यांना मुंबई कायदेमंडळावर नेमले. त्याच साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. मुंबईने दहा वर्षे आधी जे करून दाखविले होते त्याचा पाया आता देशभर घातला जाणार होता. १८८३ साली कॉर्पोरेशनमधील त्यांची दहा वर्षे पुरी झाली. त्याच साली इल्बर्ट बिलाच्या बाजूने टाउन हॉलमध्ये झालेल्या सभेत मेहता, तेलंग आणि तय्यबजी तिघेही बोलले. हिंदी मॅजिस्ट्रेटला गोऱ्या आरोपीचा खटला चालविता यावा एवढीच त्या बिलातील गोष्ट, पण गोऱ्यांनी केवढे काहूर माजविले! जानेवारी १८८५ मध्ये या तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचा जन्म झाला. १८८६ साली प्रकृतीमुळे बद्रुद्दीन यांनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला.

आणि मग १८८७ साल आले. मद्रास येथे भरणाऱ्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. ६०७ प्रतिनिधी जमले होते. पहिल्या दोन अधिवेशनांचे अध्यक्ष हिंदू आणि पारशी होते, आता मुसलमान. नेमक्या त्याच आठवड्यात लखनौस सर सय्यद अहमद खान यांनी मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे जाहीर भाषण केले.

हा प्रसंग आपल्या इतिहासात फार नाजूक आहे. सर सय्यद म्हणजे अलीगढचे संस्थापक, आधुनिक तालीम मुसलमानांच्या दारी आणणारे. त्यांचे ऋण आपण सर्वजण मानतो. बद्रुद्दीन यांनाही त्यांच्याविषयी आदर होता. दोघांनाही समाज शिकावा असे वाटत होते. मतभेद होता तो पुढच्या प्रश्नावर. सर सय्यद यांना भीती होती की, निवडणुकीच्या राज्यात मुसलमान मागे पडेल, म्हणून आधी शिकावे, मग बोलावे. बद्रुद्दीन यांनी स्वतः निवडणूक लढवून दहा वर्षे सभागृहात काढली होती, आणि तीसुद्धा बहुसंख्य बिगरमुसलमान मतदारांच्या शहरात. त्यांचे म्हणणे असे की, जे प्रश्न सर्व हिंदी लोकांचे आहेत, म्हणजे कर, नोकऱ्या, कायदेमंडळे, ते सर्वांनी मिळून सोडवावेत आणि जे प्रश्न आपल्या समाजाचे आहेत, म्हणजे मुख्यतः तालीम, त्यांसाठी आपल्या संस्था चालवाव्यात. एक हात काँग्रेसमध्ये आणि एक हात अंजुमनमध्ये. यात विरोध नाही. बाहेर राहून तक्रार करण्यापेक्षा आत जाऊन आपल्या हिताला बाधक ते अडवावे, हाच मार्ग त्यांना पसंत होता. १८८८ साली या विषयावर दोघांत पत्रव्यवहार झाला. मत कोणी बदलले नाही. पण दोघांनी एकमेकांचा मान राखला.

बद्रुद्दीन नुसते आपले म्हणणे रेटीत राहिले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. उत्तरेत मुसलमानांचा विरोध वाढतो आहे हे दिसताच त्यांनी आग्रह धरला की, ज्या ठरावाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधी एकमताने वा जवळजवळ एकमताने हरकत घेतील तो ठराव काँग्रेसने चर्चेला घेऊ नये. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात हा नियम मान्य झाला. त्याच सुमारास त्यांनी ह्यूमसाहेबांना असेही सुचविले होते की, समाजाचा मोठा भाग विरोधात असेल तर काँग्रेसने काही वर्षे, निदान पाच, अधिवेशने थांबवावीत. ही सूचना मान्य झाली नाही. काही अभ्यासक याला माघार म्हणतात. मला तसे वाटत नाही. शेजाऱ्याला सोडून पुढे धावणे त्यांना मंजूर नव्हते, आणि कॉर्पोरेशनच्या दहा वर्षांत हीच सवय त्यांच्या अंगी मुरलेली असावी. अर्थात वाचकांनी आपले मत आपण बनवावे.

१८९५ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. न्यायाधीशाला राजकारणात भाग घेता येत नाही, त्यामुळे तो अध्याय तेथे थांबला. पण त्यांच्या न्यायासनावरील एक प्रसंग महाराष्ट्राने विसरू नये असा आहे. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. प्लेगचे दिवस, पुण्यात रँडसाहेबाचा खून झालेला, सरकार चवताळलेले. टिळकांचे जामिनाचे अर्ज आधी नामंजूर झाले होते. ऑगस्टमध्ये पुन्हा अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींसमोर आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. अर्थात पुढे खटला दुसऱ्या न्यायाधीशांपुढे चालून टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. परंतु आरोपीला आपला बचाव तयार करण्याची संधी मिळाली पाहिजे हे तत्त्व त्या दिवशी एका मुसलमान न्यायमूर्तीने राखले. १९०२ साली काही काळ ते हंगामी सरन्यायाधीशही होते.

मुलींच्या शिक्षणाविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण या स्मरणिकेच्या वाचकांत माता-भगिनी पुष्कळ आहेत. दुसऱ्यांच्या मुलींनी शिकावे असे सांगणारे पुढारी तेव्हाही होते आणि आजही आहेत. बद्रुद्दीन यांनी सुरुवात आपल्या घरापासून केली. १८७६ सालापासून त्यांच्या मुली मुंबईच्या शाळेत जाऊ लागल्या. मुसलमान घरातील मुली शाळेत जातात म्हणून लोकांनी नावे ठेवली नसतील असे नाही. १९०४ साली तर दोन धाकट्या मुलींना त्यांनी शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. त्याच्या आदल्या वर्षी, १९०३ साली, महंमदन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अधिवेशन मुंबईस भरले, त्याचे अध्यक्ष बद्रुद्दीन होते. ही कॉन्फरन्स सर सय्यद यांनी स्थापन केलेली. सर सय्यद पाच वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले होते. त्यांच्याच व्यासपीठावरून, ज्यांच्याशी त्यांचा मतभेद होता त्या बद्रुद्दीन यांनी तालमीची गोष्ट सांगितली, स्त्रियांना शिक्षणापासून दूर ठेवणाऱ्या कडक पडद्याविरुद्ध सांगितले, आणि आपण काँग्रेसचे होतो व आहोत हेही लपविले नाही. समाजाने ते ऐकून घेतले. १८८८ साली ज्या सभेत कदाचित गोंधळ झाला असता, तेथे १९०३ साली माणसे शांतपणे बसून होती. पंधरा वर्षांत एवढा फरक पडला, आणि त्या पंधरा वर्षांत शाळेतून बाहेर पडलेली मुले आता सभेत बसू लागली होती.

डोळे त्यांना आयुष्यभर त्रास देतच राहिले. १९०६ साली रजा घेऊन ते इंग्लंडला गेले असता १९ ऑगस्ट रोजी लंडन येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा इंतकाल झाला. वय ६१. ज्या शहरात सोळाव्या वर्षी शिकावयास गेले त्याच शहरात अखेरचा श्वास. मय्यत मुंबईस आणण्यात आली आणि येथेच दफन झाले. त्यांचे पुतणे अब्बास तय्यबजी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींच्या अटकेनंतर पुढारी म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. घराण्याची ती पुढची हकीकत पुन्हा केव्हातरी.

मुंबईस जाल तेव्हा बोरीबंदरला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरून रस्ता ओलांडा. अंजुमनच्या इमारतीजवळ एक रस्ता आहे. त्यावर कॉर्पोरेशनची पाटी आहे आणि पाटीवर नाव आहे बद्रुद्दीन तय्यबजी मार्ग.